अठ्ठावीस मार्चचा अर्धा कागद

सुकलू मोहुर्ले काय काम करतो, असं कोणी विचारलं तर तो सांगायचा, "हवा गाळतो." लोक हसायचे. हवा म्हणजे काय ताक आहे गाळायला! पण उत्तर अगदी खरं होतं. धानोरा तालुक्यातल्या त्याच्या गावाबाहेर, जंगल सुरू होतं तिथं, वनखात्याचं जुनं विश्रामगृह आहे. नागपूरच्या एका संशोधन संस्थेनं त्याच्या गच्चीवर दोन यंत्रं बसवली, त्याला दहा वर्षं झाली. एक यंत्र दिवसभर हवा ओढतं आणि बांगडीएवढ्या गोल पांढऱ्या कागदातून गाळतं. केसाचे उभे तीस तुकडे केले तर त्यातल्या एकाएवढे बारीक कण त्या कागदावर अडकतात. दुसरं यंत्र कणांचा आकार मोजतं. मोठे किती, लहान किती, आणि वारा कुठून आला, हे सगळं ते मिनिटामिनिटाला टिपून ठेवतं. कागद रोज सकाळी सहा वाजता बदलायचा. तो सुकलू बदलायचा.

सहा म्हणजे सहा. पाच मिनिटं इकडची तिकडे झालेली त्याला खपायची नाही. पोरीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा हा गडी हळदीच्या अंगानं गच्चीवर गेला, आणि हळदीचा कण कागदावर पडू नये म्हणून आधी दोन बादल्या पाणी डोक्यावर घेतलं. वर जाताना तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा नाही, खाली कोणी अगरबत्ती लावायची नाही. चिमट्यानं कागद उचलायचा, कात्रीनं बरोबर मधून कापायचा, दोन्ही अर्धे वेगवेगळ्या चांदीच्या कागदात गुंडाळायचे. एक अर्धा नागपूरला जायचा आणि दुसरा तारीख घालून खालच्या फ्रीजरमध्ये राखीव राहायचा. सुकलूच्या फ्रीजरात कुल्फी मिळते का, असं गावातली पोरं विचारायची. सुकलू त्यांच्याशी कधी चिडून बोलला नाही.

अशा माणसावर कोणाचाही विश्वास बसतो. त्याचा मित्र झिंगू चौधरी याच्या बायकोचा, रुखमाचा, तर फारच होता. झिंगू जंगलातल्या आगीत गेला तेव्हा सुकलूनंच त्याला खांद्यावर टाकून बाहेर आणलं. तेव्हापासून ती सुकलूला भाऊ म्हणायची. दर शुक्रवारी तो तिच्या ओट्यावर बसून चहा प्यायचा. नवीन तांदूळ आला की पहिली पायली त्याच्या घरी जायची. "माया भावानं त्याले एकटं नाई टाकलं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. सुकलू मान खाली घालून बशी फुंकत राहायचा. लोकांना वाटे, किती विनम्र माणूस.

आणि उन्हाळा लागला, डोंगरावर कुठं धूर दिसला, की या विनम्र माणसाचं अंग गार पडायचं. गच्चीवर हातात चिमटा असायचा आणि खालच्या सागवनातून आरोळी यायची. हूऽऽप. झिंगू जंगलात कधी नावानं हाक मारत नसे. तो अशी आरोळी द्यायचा आणि सुकलूनं तशीच उलटी द्यायची. दोघंही तेव्हा उन्हाळ्यापुरते फायर वॉचर होते, म्हणजे आग दिसली की पळत जाऊन हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवायची. वानर असेल, असं सुकलू स्वतःला समजवायचा. वानरं हूप करतातच की. पण वानर तीनदा ओरडून मग उत्तराची वाट पाहत थांबत नाही. हे थांबायचं. सुकलूला ती शांतता कानात टोचायची, आणि त्यानं एकदाही उत्तर दिलं नाही.

झालं होतं ते असं. नऊ वर्षांपूर्वी मार्चमध्ये मोह फुलला होता. विश्रामगृहाच्या उत्तरेला, हाकेच्या अंतरावर, सुकलूच्या घरचा ठरलेला मोह आहे. फुलं पहाटे गळतात. खाली पाचोळा असला तर वेचता येत नाहीत, म्हणून आमच्याकडे झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करतात. कायद्यानं मनाई आहे, आणि मनाई करायला जो फायर वॉचर नेमला होता त्याच्याच बायकोचं, अंजनाबाईचं, ते झाड होतं. आता काय म्हणावं याला! अंजनाबाई माहेरी गेली होती. अठ्ठावीस मार्चला साडेपाचला सुकलूनं एकट्यानं पाचोळा पेटवला. आग वर्तुळात फिरली, बसत आली. तो फांदीनं झोडपत होता, तेवढ्यात त्यानं घड्याळात पाहिलं. सहाला दहा कमी. कागद! एका बुंध्याच्या पोटात अजून लाल दिसत होतं. येऊन विझवू, असं म्हणून तो पळाला. कागद बरोबर सहाला बदलला. मग खाली नाकेदार, म्हणजे वनरक्षक, चहा घेऊन बसला होता. त्यानं बसवून घेतलं. सुकलूला बुंध्याचा विसर पडला.

नऊला वारा सुटला. आग त्या बुंध्यातून निघून पूर्वेच्या उतारानं वळसा घेत दक्षिणेच्या नाल्यावर उतरली. अकराच्या सुमारास लोकांना ती तिथं दिसली. झिंगू नाल्याच्या अंगानं आत घुसला. सुकलू कुठं घुसला? तो पळाला उत्तरेला, आपल्या मोहाकडे. आग कुठून निघाली ते त्याला कळलं होतं. झाडाखालच्या राखेवर तो दोन्ही हातांनी माती लोटत होता तेव्हा धुरातून पहिली आरोळी आली. त्यानं उत्तर दिलं. दुसरी आली, उत्तर दिलं. तिसरी आली तेव्हा त्याला वाटलं, मी या बाजूनं ओरडतोय, कोणी ऐकलं तर विचारेल की तू इकडं कसा. तो गप्प राहिला. चौथी आलीच नाही.

झिंगू नाल्यात सापडला. अंगावर भाजल्याची खूण नव्हती. झोपल्यासारखा होता. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी लिहिलं, श्वासनळीत आणि छातीत काजळी. आणि आग कोणी लावली? लहानू रामटेके त्या दिवशी दहा वाजता नाल्यावर काड्या तोडायला गेला होता. नाकेदारानं विचारलं, बिडी ओढलीस का? ओढली, लहानू म्हणाला. दुसरा कोणी असता तर नाही म्हणाला असता. गावालाही दुसरीकडे शोधायचं नव्हतं. बौद्धवाड्यातला माणूस सापडला होता, तेवढं पुष्कळ झालं. लहानू अकरा दिवस आत राहिला. खटला पाच वर्षं रेंगाळला आणि पुराव्याअभावी तो सुटला, पण जंगलाचं काम कायमचं गेलं. लोकांच्या तोंडी त्याचं नाव 'बिडीवाला' पडलं ते पडलंच. सुकलूनं हे सगळं पाहिलं आणि रोज सहा वाजता कागद बदलला.

यंदा फेब्रुवारीत पुनम मॅडमचा फोन आला. ही संस्थेतली नवी शास्त्रज्ञ, वयानं सुकलूच्या पोरीएवढी, वागायला साधी.

"सुकलूभाऊ, फ्रीजरमधले जुने अर्धे कागद पाठवायचे आहेत. तेवीस तारखा मोबाईलवर टाकल्यात."

"जुने काऊन, म्याडम?"

"आता नवी तपासणी सुरू केलीय. लाकूड जळलं की त्याच्या धुरात एक प्रकारची साखर उतरते. कोळशाच्या धुरात ती नसते, डिझेलच्या नसते. त्यावरून कळेल कुठल्या दिवशी काय जळलं. आणि शेजारच्या यंत्रानं कणांचे आकार टिपलेत, त्यावरून धूर जवळचा की लांबचा तेही कळतं. ताज्या धुराचे कण फार बारीक असतात. लांबून येता येता ते एकमेकांना चिकटून मोठे होतात."

सुकलू म्हणाला, "म्हंजे कागद सगळं सांगते?"

"सगळं सांगतो, भाऊ," ती सहज हसत म्हणाली.

यादीत सतरावी तारीख अठ्ठावीस मार्चची होती.

त्यानं फ्रीजर उघडला. वर्षावर्षाचे डबे होते. नऊ वर्षं हा डबा तो नुसता बाजूला सारत आला होता. चांदीचा कागद उलगडला. बाकीचे अर्धे राखाडी होते, पिठावर काजळीचं बोट ओढल्यासारखे. हा काळा होता. पुनम मॅडमनंच त्याला मागं कधीतरी समजावलं होतं की मोठे कण नाकात अडतात, मधले घशात, आणि सगळ्यात बारीक थेट छातीच्या तळाशी जाऊन बसतात, तेच आपण या कागदावर धरतो. सुकलूच्या मनात आलं, धूर तर एकच होता. थोडा झिंगूच्या छातीत गेला आणि थोडा इथं. झिंगूचा शेवटचा श्वास आपण नऊ वर्षं गारठ्यात सांभाळून ठेवलाय. त्यानं कागद चिमट्यानं हलकेच टेबलावर ठेवला.

नोंदवहीत एक रकाना होता, 'खराब'. दहा वर्षांत त्यात चारच नोंदी होत्या, त्यातली एक वानरानं यंत्राची टोपी पळवली तेव्हाची. त्या रकान्यात एक शब्द लिहिला असता आणि कागद चुलीत टाकला असता तर जगात कोणी विचारलं नसतं. सुकलूनं पेन उघडलं. बराच वेळ ते हातात धरून तो बसला. पण खोटी नोंद त्याच्या हातून उतरेना. हसू येईल कोणाला, पण माणसाचं असंच असतं. मित्राला धुरात सोडू शकतो आणि वहीत एक खोटं अक्षर घालू शकत नाही. आणि खरं सांगायचं तर तो थकला होता. आपलं तोंड उघडत नाही, तर कागदानं बोलावं, असं त्याला वाटलं. त्यानं तेवीसच्या तेवीस अर्धे बर्फाच्या डब्यात भरले आणि नागपूरच्या गाडीत दिले.

मग त्यानं वाट पाहिली. पोलीस येतील म्हणून एक धुतलेला सदरा खुंटीला वेगळा लावला. शेताचे कागद कुठं आहेत ते अंजनाबाईला दोनदा दाखवलं. तिनं विचारलं, "का होऊन राह्यलं तुमाले?" तो म्हणाला, काही नाही. शुक्रवारी रुखमाच्या ओट्यावर चहा प्यायला गेला आणि दर खेपेला वाटलं, हा शेवटचा. सागवनातली आरोळी आता धूर नसलेल्या सकाळीही येऊ लागली. एकदा त्याच्या ओठांवर उत्तर आलंही होतं. त्यानं तोंडावर हात दाबून धरला.

एप्रिलच्या मध्यावर पुनम मॅडम स्वतः आली. गच्चीवरच्या सावलीत बसून तिनं अहवाल उघडला. तिचा चेहरा उजळलेला होता.

"भाऊ, तुम्ही कमाल केलीत. इतके नीट राखलेले कागद मी कुठं पाहिले नाहीत. आणि हा अठ्ठावीस मार्च बघा, माझा सगळ्यात चांगला दिवस!"

सुकलूनं भिंतीला हात टेकला.

"ती साखर इतर दिवसांपेक्षा चाळीस पट आहे," ती सांगत होती. "म्हणजे निव्वळ लाकूड आणि पाला. आणि ही रेघ पाहा. पहाटेपर्यंत सपाट. पाच वाजून चाळीस मिनिटांनी एकदम उभी. सगळे कण बारीक, अगदी ताजे. वारा उत्तरेचा. म्हणजे आग उत्तरेला, हाकेच्या अंतरावर लागली असणार. किती स्वच्छ दिसतंय ना?"

"हो," सुकलू म्हणाला. त्याला वाटलं, आता. आता ती मान वर करेल.

तिनं पान उलटलं. पुढं दुसऱ्या वर्षाचा मे महिना होता.

"म्याडम, थांबा. मंग... नाव?"

"कसलं नाव?"

"लावणाऱ्याचं."

पुनम मॅडम हसणार होती, पण त्याचा चेहरा पाहून हसली नाही. "नाव कुठून येणार, भाऊ? कण केवढा आहे ते कळतं, कशाचा बनलाय ते कळतं. कोणी केलं ते यात नसतं."

सुकलू खाली बसला. दोन महिने तो ज्या कागदाच्या भरवशावर होता, त्यानं आपलं काम चोख केलं होतं आणि उरलेलं त्याच्यावर सोडलं होतं. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, ते एक पान मिळेल का. तिनं ते काढून दिलं. कशाला, असं तिनं विचारलं नाही.

दुपारी तो लहानूच्या घरी गेला. लहानू अंगणातल्या लिंबाखाली खाट विणत बसला होता. सुकलू कधी त्या अंगणात आला नव्हता, म्हणून लहानू उठून उभा राहिला.

"ये गा, सुकलूभाऊ. पाणी आणू का?"

"नोको. बस. मले बोलू दे." आणि सुकलूनं उभ्या उभ्या सांगितलं. मोह, पाचोळा, घड्याळ, बुंधा. नाल्यावरची आग आपली होती. तुझी नव्हती.

लहानू ऐकत राहिला. मग त्यानं दोरीची गाठ ओढली आणि म्हणाला, "माया जीव हलका कराले आला का तू? चांगला माणूस आहेस. पण नोको करू असं."

"मी खोटं नाई बोलून राह्यलो, लहानू!"

"बिडी मी ओढलो गा. सुरुवातीले मले वाटे, विझवलो होतो मी. पायाखाली रगडलो होतो. पण सारे म्हणत राह्यले, म्हणत राह्यले. मंग मलेच दिसाले लागलं. बिडी पडली, पान पेटलं, धूर निघाला. आताही डोये मिटलो का तेच दिसते. झिंगूले मी मारलो. मले माहीत आहे ना."

लहानूची बदनामी झाली, कोर्टाच्या फेऱ्या झाल्या, काम गेलं, हे सगळं सुकलूनं नऊ वर्षं मनात मोजलं होतं. हे मोजलं नव्हतं. त्याची आग दुसऱ्याच्या डोळ्यांत जाऊन बसली होती, आणि तो माणूस ती आपली म्हणून सांभाळत होता. सुकलू ढसाढसा रडला. लहानूच्या पाठीवर थोपटायला हात उचलला आणि आपल्याला तो हक्क नाही हे आठवून खाली घेतला.

मग त्यानं खिशातलं पान काढून खाटेवर पसरलं.

"माह्यावर नोको भरोसा ठेवू. हे यंत्र आहे, याले तुयामाह्याशी घेणंदेणं नाई. अठ्ठावीस मार्च. ही रेघ पाय, इथी उभी झाली. पाच चाळीस. वारा उत्तरेचा. माया मोह उत्तरेले आहे."

लहानू सातवी शिकलेला होता. त्यानं पान उन्हात धरलं, तारीख वाचली, मग खालचे आकडे एकेक करून वाचले. त्याचं बोट पाच चाळीसवर थांबलं.

"आन् दहा कुठी?"

सुकलूनं दाखवलं. दहा वाजता रेघ केव्हाचीच वर होती.

"मी घरून निंगलो तेव्हा नऊ वाजले होते," लहानू हळूच म्हणाला. "तेव्हा तं जळून राह्यलं होतं."

"हो."

"नऊ वर्षं गा," लहानू म्हणाला. "बिडी सोडलो मी. लोकं म्हणत, बरं केलं, छातीले चांगलं. पोरीच्या लग्नात रुखमाबाईले बोलवाची हिंमत नाई झाली. समोरच्या रस्त्यानं जातच नाई मी. तिच्या घरापासून. बांधावरून जातो, मागून." त्याचा आवाज चढत गेला आणि मधेच तुटला. सुकलू मान खाली घालून उभा राहिला. त्यानं मारावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. लहानूनं मारलं नाही. त्यानं फक्त विचारलं, "तिले सांगितला का?"

"नाई. पयले तुयाकडं आलो."

"चाल." लहानूनं खुंटीवरचा सदरा अंगात घातला, पान घडी करून स्वतःच्या खिशात ठेवलं आणि चपला घातल्या. "मी नाई बोलणार. तूच बोल. मी नुसता उभा राहीन."

तो पुढं चालला. वळणावर बांधाची वाट फुटते, तिथं त्याचे पाय सवयीनं वळले. मग तो थांबला आणि सरळ रस्त्यानं निघाला. हँडपंपावरच्या बाया बघत राहिल्या. लहानूनं कोणाकडं पाहिलं नाही, पण त्याची चाल भराभर होत गेली, आणि सुकलूला मागून धापा टाकत यावं लागलं.

रुखमा अंगणात मोह वाळत घालत होती. लहानूला दारात पाहून ती ताठ उभी राहिली. मागं सुकलू दिसला तेव्हा तिचा चेहरा जरा सैल झाला. "भाऊ, आज तं शुक्रवार नाई. आन् याले काऊन आणला?"

सुकलूनं सांगितलं. काहीही न वगळता सांगितलं. बुंध्यात लाल दिसत होतं हे सांगितलं, झिंगू तीनदा ओरडला हे सांगितलं, आणि तिसऱ्याला आपण का गप्प राहिलो तेही. बोलताना त्याला वाटत होतं की हे आपण कोण्या दुसऱ्या माणसाचं सांगतोय, आणि तो माणूस आपल्याला मुळीच आवडत नाही. रुखमाच्या मुठीतली फुलं चेपून रस बोटांवर आला होता.

तो थांबला. रुखमानं पदराला हात पुसले. सुकलूकडे न पाहता ती लहानूजवळ गेली.

"लहानूभाऊ," ती म्हणाली. गेल्या नऊ वर्षांत तिनं त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. "उन्हात काऊन उभे आहात? घरात या. चहा ठेवतो."

लहानू चपला काढून आत गेला. आत स्टोव्ह पेटला, भांड्याचा आवाज आला. सुकलू अंगणात उभा होता. त्याला कोणी जा म्हटलं नाही, आणि ये तर नाहीच नाही.